बाबांचा खांदा आणि बोटीचं स्टिअरिंग

आमच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये भिंतीला एक लोखंडी चाक बसवलेलं होतं. खांदा धरलेल्या पेशंटनं त्याची मूठ धरायची आणि ते सावकाश गोल फिरवायचं, एवढाच त्याचा उपयोग. बहुतेक पेशंट ते घड्याळाकडे बघत फिरवायचे. एक म्हातारे गृहस्थ मात्र त्या चाकासमोर पाय फाकवून, छाती पुढे काढून उभे राहायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, ‘यमीन... यसार...’ म्हणजे उजवीकडे, डावीकडे. मला वाटायचं, त्यांना अरबीत व्यायाम मोजायची सवय असेल.

नव्वदचं दशक सरून दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. मी वसईची, नवराही वसईचाच. फरीज बिन ओमरानमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. तो एका बांधकाम कंपनीत एक्स्कॅव्हेटर, क्रेन असल्या मशिनांच्या हायड्रॉलिक्सचं काम बघायचा. तेलाच्या दाबावर हलणारे ते मोठाले लोखंडी हात दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. मी माणसांचे हात हलते करायचे, तो मशिनचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आम्हा दोघांचे हात दुखायचे.

हे गृहस्थ दोह्याजवळच्या अल वक्र्याचे होते, सत्तरीच्या आसपासचे. वयस्कर कतारी माणसाला हॉस्पिटलात सगळेच ‘बाबा’ म्हणायचे, तसे आम्हीही त्यांना बाबाच म्हणायचो. तरुणपणी वडिलांच्या गलबतावरून ते खजूर घेऊन मुंबईच्या बंदरात यायचे. तिथे शिकलेली हिंदी त्यांच्या तोंडात अजून ताजी होती, फक्त तिला अरबी वळण होतं. मला ते ‘बिन्ती’ म्हणायचे, म्हणजे मुली. जिन्यावरून पडून त्यांच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला होता आणि साखरेमुळे डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं होतं. व्यायामावरच सगळी भिस्त. पहिल्या महिन्यात हात जेमतेम कंबरेपासून सुटायचा, दुसऱ्या महिन्यात तो खांद्याच्या रेषेत यायला लागला. मला फार समाधान वाटलं होतं.

पण शनिवारी काहीतरी बिघडायचं. गुरुवारी खांद्याच्या उंचीला गेलेला हात शनिवारी पुन्हा खाली आलेला असायचा, वर सूज. मी विचारलं तर म्हणायचे, झोपेत अंगाखाली आला. असे तीन शनिवार गेले. चौथ्या आठवड्यात त्यांचा मुलगा मला भेटायला आला. सरकारी कचेरीत अधिकारी, पस्तिशीचा, इंग्रजी सफाईदार. त्यानं सांगितलं की वडील दर शुक्रवारी पहाटे बोट घेऊन मासेमारीला जातात. बोटीचं चाक इतकं जड आहे की त्याला स्वतःलाही ते दोन हातांनी ओढावं लागतं. किल्ली लपवली तर वडील ती शोधून काढतात. बोट विकून टाकावी असं घरात सगळ्यांना वाटतंय, फक्त त्यांना नाही. ‘ते तुमचं ऐकतात,’ तो म्हणाला. ‘तुम्ही एकदा सांगा त्यांना, बोट बंद म्हणून.’

मला ते पटलं. माझी तीन महिन्यांची मेहनत दर शुक्रवारी पाण्यात जात होती, त्याचा रागही होताच. दुसऱ्या दिवशी बाबा चाकासमोर उभे होते तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला सगळं कळलंय आणि आता बोट खलास. त्यांनी मूठ सोडली. ‘खलास?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘खलास.’ त्यांनी चपला घातल्या, शुक्रन म्हणाले आणि गेले. पुढच्या वेळेला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तीन आठवडे त्यांच्या नावापुढे मी गैरहजेरीची फुली मारत राहिले.

एकदा जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. गावाहून आणलेल्या सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि तो मन लावून जेवत होता. मला वाटलं ऐकत नाहीये. पण त्यानं मधेच विचारलं, ‘चाक किती जड आहे?’

‘खूप जड आहे म्हणे.’

‘खूप म्हणजे किती? तू फिरवून बघितलंस?’

‘मी कशाला फिरवू? मी काय बोट चालवते?’

तो हसला नाही. म्हणाला, ‘मग खांदा बिघडलाय की स्टिअरिंग, हे तुला कसं कळलं?’

मला त्याचा राग आला. भांडी मी जरा जास्तच आवाज करत घासली. पण दुसऱ्या दिवशी ड्युटीवर त्या रिकाम्या चाकापुढून जाताना त्याचा प्रश्न सारखा डोक्यात येत राहिला. मी रोज पेशंटना विचारायचे, घरी काय उचलता, कुठे झोपता, गाडी कशी चालवता. या माणसाला मी काहीच विचारलं नव्हतं. मुलानं जे सांगितलं तेच माझ्या तोंडानं बोलले होते. दुपारी मी मुलाला फोन केला आणि विचारलं, आम्ही एकदा बोट बघायला आलो तर चालेल का.

तिथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमचा मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाही, शुक्रवारी सकाळीच; तो झाल्यावर आम्ही वक्र्याला गेलो. बाबांनी मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसवलं, वेलचीची कॉफी आणि खजूर पुढे केले. आदरातिथ्यात कुठे कमी नव्हती, पण बोलणं सगळं नवऱ्याशी. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नवरा इंजिनियर आहे असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी त्याला ‘मुहन्दिस’ म्हणायला सुरुवात केली. तो डिप्लोमावाला. पण त्यानं तो समज काही दुरुस्त केला नाही.

बोट अंगणात पत्र्याच्या शेडखाली ट्रेलरवर होती. बावीस फुटी, पांढऱ्या फायबरची, कडेला निळा पट्टा. इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला झाकणाखाली, मोटारीच्या इंजिनसारखं. आणि बोटीच्या मागच्या भिंतीबाहेर पाण्यात सोडायचा लोखंडी पाय, त्याच्या टोकाला पंखा. चाक फिरवलं की तो पाय उजवीडावीकडे वळतो आणि बोट वळते. नवरा मागे जाऊन झाकण उघडून आत वाकला. मी शिडीवरून चढले आणि चाक धरलं. एका हातानं ते हललं नाही. दोन्ही हातांनी, पाय समोरच्या फळीला टेकवून जोर लावला तेव्हा कुठे करकरत पाव वळसा फिरलं. माझ्या धडधाकट खांद्यातून कळ गेली. या चाकाशी बाबा दर शुक्रवारी फाटक्या स्नायूनं झगडत होते.

मागून नवऱ्यानं सांगितलं की चाकापासून मागच्या पायापर्यंत एकच जाड केबल आहे, ती जिथे लोखंडी नळीत सरकते तिथे मीठ आणि गंज धरून ती आवळली गेलीय. त्यानं जुनं ग्रीस खरवडून काढलं, नवीन भरलं, तासभर ठोकठाक केली. चाक थोडं सैल झालं. पण तो म्हणाला, महिनाभरात पुन्हा तसंच होईल. नवीन केबल टाकली तरी इथल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत ती दोन वर्षांत अशीच धरणार. मग त्यानं बाबांना दुसरा उपाय सांगितला. केबल काढून टाकायची. चाकाच्या मागे एक छोटा पंप बसवायचा, तिथून मागपर्यंत तेलाच्या दोन नळ्या न्यायच्या, आणि मागे इंजिनापाशी एक सिलिंडर. चाक फिरवलं की पंप तेल ढकलणार, तेल सिलिंडरचा दांडा ढकलणार आणि दांडा तो पाय वळवणार. त्याच्या एक्स्कॅव्हेटरमध्ये हेच तत्त्व, फक्त हे त्याचं लहान भावंड.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘केबल जड आहे, मान्य,’ ते म्हणाले. ‘पण मागे पाण्यात काय चाललंय ते ती माझ्या हाताला सांगते. तेल काय सांगणार?’

मला वाटलं नवरा आता काहीतरी समजावत बसेल. पण तो म्हणाला, ‘काही सांगणार नाही, बाबा. ते खरं आहे. पण तुमचा हात तरी आता काय ऐकतोय? दुखण्याशिवाय त्याला दुसरं काही ऐकूच येत नाहीये.’

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी शिडीवरून खाली उतरले होते, तळव्यांना गंज लागलेला. मी म्हटलं, ‘बाबा, मी बोट न बघता बोलले. चूक झाली.’

‘तू खलास म्हणालीस.’

‘हो.’

‘आता काय म्हणतेस?’

‘फिटिंग होईपर्यंत बोट बंद आणि व्यायाम चालू.’

‘आणि फिटिंग झाल्यावर?’

‘दोन्ही चालू.’

ते बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, इन्शाल्ला. आखातात इतकी वर्षं काढल्यावर मला त्या शब्दाचे दोन-तीन अर्थ माहीत झाले होते. हा होकाराचा होता.

मुलगा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. मी तुम्हाला एक करायला सांगितलं आणि तुम्ही उलटंच करताय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला खरं ते सांगितलं, की खांद्याबद्दल मी बोलू शकते, बोट विकावी की ठेवावी हे ठरवायचा मला अधिकार नव्हता आणि मी तो त्याच्या सांगण्यावरून घेतला होता. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी वाकून त्यानं नवऱ्याला विचारलं, हे तेलाचं प्रकरण धोक्याचं तर नाही ना. नवरा म्हणाला, ‘आता जी केबल आहे ना, तिच्यापेक्षा धोक्याचं काहीच नाही.’

बाबा शनिवारी वेळेवर हजर झाले.

सामान यायला मात्र दोन महिने लागले. इथल्या बोटींच्या दुकानात ते नव्हतं, त्यांनी दुबईहून मागवलं. पहिल्या वेळी आलेला सिलिंडर चुकीचा निघाला. तो बोटीच्या बाहेर, मागे लटकवायच्या इंजिनासाठीचा होता. आमचं इंजिन आत आणि फक्त पाय बाहेर, त्याला वेगळा लागतो. चूक दुकानाची नव्हती, नवऱ्यानंच फॉर्मवर भलतीकडे खूण केली होती. मग त्यानं बाहेरून एक जाडजूड माहितीपुस्तक मिळवलं आणि ते जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवून आमटीचे डाग पाडत वाचत राहिला. या दोन महिन्यांत बाबांनी एकही व्यायाम चुकवला नाही. हात खांद्याच्या वर जायला लागला. रोज आल्या आल्या विचारायचे, ‘मुहन्दिसचं सामान आलं?’ आणि मी म्हणायचे, बोटीत आहे. कुठल्या बोटीत, असं विचारून ते स्वतःच हसायचे.

सामान आल्यावर सलग दोन शुक्रवार आम्ही वक्र्यात काढले. मी नुसती सोबत म्हणून गेले होते, पण पहिल्याच तासात कामाला लागले. जुनी केबल बाहेर यायला तयार नव्हती. नवरा मागून ठोकत होता आणि मी पुढून ओढत होते. शेवटी ती सुटली तेव्हा मी केबलसकट बोटीच्या तळावर जाऊन बसले. नव्या पंपासाठी चाकाच्या फळीतलं भोक मोठं करायचं होतं. गोल करवत लावलेलं ड्रिल फिरायला लागलं तसे बाबा दूर जाऊन पाठ करून उभे राहिले. फायबरचा पांढरा भुगा उडायचा थांबल्यावर परत आले आणि त्या भोकातून हाताचं बोट फिरवून कडा गुळगुळीत आहेत की नाही ते बघून गेले.

नळ्या मागे नेण्याचं काम त्यांचं. बोटीच्या कडेच्या पोकळीतून दोन नळ्या सरकवायच्या होत्या आणि त्या मधेच कुठेतरी अडत होत्या. नवरा तार घालून बघत होता. बाबांनी त्याला बाजूला केलं, गळाची तंगूस घेतली, तिच्या टोकाला शिसाचं वजन बांधलं आणि मुलाला बोटीचं नाक ट्रेलरच्या जॅकवर उचलायला सांगितलं. उतार झाला तसं वजन पोकळीतून आपोआप घरंगळत मागे गेलं. मग तंगुशीला नळ्या बांधून त्यांनी त्या डाव्या हातानं, न अडखळता ओढून घेतल्या. नळी गरम एक्झॉस्टला कुठे टेकणार नाही हे त्यांनी स्वतः हात घालून तपासलं. नवरा म्हणाला, हे पुस्तकात नव्हतं.

सिलिंडरचा एक नट इंजिनाच्या खाली, अशा जागी होता की नवऱ्याचा हात तिथे जाईना. माझा गेला. मी झाकणातून अर्धी आत, डोकं खाली, डिझेलचा वास, आणि बोटांच्या टोकांनी न दिसणारा नट आट्यांवर बसवतेय. खांद्याच्या आत हाड कुठे सरकलंय हे मी रोज कातडीवरून चाचपून ओळखायचे, तेच काम. नट बसला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगू शकले नाही, कारण तोंड इंजिनाकडे होतं.

मग तेल भरायचं. हा भाग मला सगळ्यात आवडला. चाकाजवळच्या पंपाच्या माथ्यावर तेलाची बाटली उलटी लावली, तिच्यातून पारदर्शक नळीनं तेल खाली उतरत होतं. अगदी सलाईन लावल्यासारखं. मी चाक सावकाश एका टोकापर्यंत फिरवायचं, तिथे दाबून धरायचं, आणि नवरा मागे सिलिंडरचा छोटा स्क्रू सैल करून आतली हवा बाहेर काढणार. बाटलीत गुडगुड बुडबुडे यायचे. हवा आत असली की चाक स्पंजासारखं दबतं, ताकद वाया जाते. एकदा उजवं टोक, एकदा डावं टोक. बाबा माझ्याशेजारी उभे राहून वळसे मोजत होते. हळूहळू बुडबुडे थांबले आणि चाकाला एक मऊ, भरीव वजन आलं. नवऱ्यानं झाकणात डोकं घालून शेवटचं तपासलं. मी उजवीकडे फिरवलं, त्यानं आतून सांगितलं, दांडा उजवीकडे. डावीकडे फिरवलं, दांडा डावीकडे. बरोबर, तो म्हणाला आणि हात पुसले.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मुलानं ट्रेलर गाडीला जोडून बोट वक्र्याच्या बंदरात नेली. बोट उतारावरून पाण्यात सोडली. बाबा चाकावर, नवरा आणि मी मागच्या बाकावर. मुलगा धक्क्यावर उभा राहिला. आजूबाजूला मासेमारीची लाकडी गलबतं नांगरून होती, त्यांच्यामधून वाट. बाबांनी बिस्मिल्ला म्हटलं, गिअर टाकला आणि वाट धरायला चाक उजवीकडे फिरवलं.

बोट डावीकडे वळली.

बाबांनी आणखी उजवीकडे फिरवलं. बोट आणखी डावीकडे, थेट एका गलबताच्या पोटावर निघाली. धक्क्यावरून मुलगा ‘यमीन, यमीन’ म्हणून हात हलवत ओरडत होता, आणि तेच तर चाललं होतं. मी नवऱ्याचा दंड धरला. त्याचा चेहरा मला आठवतो. त्याला घाबरायला वेळच मिळाला नव्हता, काय झालंय ते त्याला त्या क्षणी कळलं होतं आणि तो कपाळावर हात मारत होता. बोटीच्या आत दांडा उजवीकडे गेला की भिंतीबाहेरचा पाय डावीकडे जातो, कारण पाय मधोमध बिजागरीवर फिरतो. त्यानं आतला दांडा तपासला होता, बाहेरचा पाय नाही. नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या.

गलबतावरच्या एका खलाशानं कठड्यावरून पाय खाली सोडून आमच्या बोटीला रेटा दिला. तेवढ्यात बाबांनी चाक डावीकडे फिरवलं. बोट अलगद उजवीकडे वळली आणि मोकळ्या पाण्यात आली. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं सगळं. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी काय करावं? ती उलटी बोट तशीच बंदराला एक चक्कर मारून आणली, उजवीकडे जायचं तर डावीकडे फिरवत, एकाही गलबताला न शिवता, आणि बरोब्बर उताराला आणून लावली. सगळं एका हातानं. ‘मुहन्दिस,’ ते म्हणाले, ‘चाक फार हलकं झालंय. आता फक्त माझ्या बाजूनं कर.’

दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. बापलेक मशिदीत गेले. तेवढ्या वेळात नवऱ्यानं सिलिंडरपाशी दोन्ही नळ्या अदलाबदल केल्या, मी पुन्हा बाटली धरून चाक फिरवलं, पुन्हा बुडबुडे, पुन्हा दोन्ही टोकं. या वेळी नवरा गुडघाभर पाण्यात उतरून बोटीच्या मागे उभा राहिला आणि पाय कुठे वळतोय ते डोळ्यांनी बघितलं. तीनदा बघितलं. ते दोघे परतले तेव्हा मुलाच्या हातात बिर्याणीचं मोठं पातेलं होतं. बोटीच्या बाकावर बसून आम्ही चौघं जेवलो. मग मुलगाही, न बोलावता, बोटीत चढला.

बंदराबाहेर पाणी हिरवं, तळाची वाळू दिसणारं. बाबांनी वेग वाढवला. उजवा हात कोपरात दुमडून, खांदा खाली सैल ठेवून, मी शिकवलं होतं तसाच, ते चाक फिरवत होते. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते आणि मुलगा त्यांच्या तोंडाकडे. नवरा मात्र कुठेच बघण्याच्या स्थितीत नव्हता. तो वसईचा खरा, पण केळीच्या वाडीतला. दहाव्या मिनिटाला तो बाकावर आडवा झाला आणि डोळे मिटून पडला. हे त्यानं आम्हाला आधी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी बाबांना विचारलं, ‘काही सांगतंय का तेल?’

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, ‘हाताला नाही सांगत. पायाला सांगतंय.’ आणि पायाखालची फळी तळव्यानं थोपटली. लाटेवर बोट कशी बसते ते तळव्यातून येतंच की, आजवर हातच इतका ओरडत होता की पायाचं कधी ऐकलं नाही, असं ते म्हणाले.

मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, यल्ला बिन्ती, आता तू. मी नको नको म्हणत होते. माझे वडील कोळी. आयुष्यभर त्यांनी वसईच्या किनाऱ्यावरून होडी नेली, पण मला कधी होडीत घेतलं नाही. मुलींचं काम किनाऱ्यावर, टोपलीपाशी. मासे मोजायला, निवडायला, विकायला मी होते, सुकाणूला हात लावायला नव्हते. अडतीसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या माणसाच्या बोटीत मी चाक धरलं. दोन बोटांनी फिरलं ते. बोट उजवीकडे वळली, मग डावीकडे, मी म्हणेन तशी. बाबांनी मला काही शिकवलं नाही. फक्त एकदा समोर बोट दाखवून म्हणाले, ‘त्या पांढऱ्या बुरुजावर नजर ठेव.’ रविवारी मी घरी फोन केला तेव्हा वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘वारा कुठला होता?’ मला ते बघायचं सुचलंच नव्हतं.

बाबांचा हात पूर्ण वर कधी गेला नाही, फाटलेला स्नायू फाटलेलाच राहिला. पण कपाळापर्यंत जायला लागला, आणि शनिवारची सूज थांबली. बोट विकायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. नंतरच्या हिवाळ्यांत मुलगाच शुक्रवारी वडिलांबरोबर जायला लागला. आधी लक्ष ठेवायला म्हणून, मग सवयीनं. आमच्याकडे अधूनमधून कागदात गुंडाळलेला हमूर मासा यायचा, कधी सुरमई, तिला ते कनाद म्हणायचे.

आणि वक्र्यात बातमी पसरली. बाबांच्या वयाचे त्यांचे चार-पाच मित्र होते, सगळ्यांच्या बोटी जुन्या आणि सगळ्यांचे खांदे त्याहून जुने. नवऱ्याचे पुढचे दोन हिवाळे त्यांच्या अंगणात गेले. आता तो नळ्या जोडण्याआधी बोटीच्या मागे जाऊन पाय बघायचा आणि मळमळीची गोळी घेतल्याशिवाय चाचणीला चढायचा नाही. त्या मित्रांपैकी दोघे माझ्याकडे पेशंट म्हणूनही आले. फक्त आम्हा नवराबायकोची त्यांच्या डोक्यात थोडी सरमिसळ झाली होती. एकानं हॉस्पिटलात माझ्यापुढे बसून पंपात कुठलं तेल घालावं हे विचारलं. आणि दुसऱ्यानं नवऱ्याला, तो इंजिनात डोकं घालून वाकलेला असताना, हळूच सदरा बाजूला करून खांदा दाखवला आणि कुठलं मलम चांगलं असं विचारलं. नवऱ्यानं उत्तर दिलं म्हणे. काय दिलं ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.